स्लॅबखालची दारं

गुरुवार, २४ मार्च १९८३

दुरुस्ती. फेब्रुवारीत, कारखान्याच्या लॅबमध्ये रुजू झाले त्या आठवड्यात, याच वहीत लिहिलंय: ‘सिमेंट पाण्यात कालवतात, मग ते वाळतं आणि दगड होतं.’ हे चूक आहे. खोडत नाही. खोडलं तर आधी काय वाटत होतं तेच विसरून जाईन. खरं असं आहे की सिमेंट वाळत नाही. ते पाणी पितं. प्यायलेलं पाणी त्याच्या अंगातच राहतं, दगड होऊन.

आज कळलं. इतके दिवस माझं टेबल म्हणजे पावडर चाळणं आणि चुन्याचं प्रमाण काढणं. आजपासून क्यूबचं टेबल. सिमेंट-वाळूचे ठोकळे, मुठीत मावतील असे. साच्यातून काढले, पुसले आणि खिडकीत उन्हाला मांडून ठेवले, पापड मांडावेत तसे. राव सर (मोठे केमिस्ट) आले, बघत राहिले, मग म्हणाले, “धूप में क्यों? प्यासे हैं बेचारे. टँक में डालो.” मला थट्टा वाटली. म्हटलं, सर, विरघळतील. तर त्यांनी टाकीत हात घालून एक जुना क्यूब काढला आणि माझ्या हातात दिला. जानेवारीपासून पाण्यात होता. नख लावून बघितलं. नखच गेलं.

आठ दिवसांनी फोडला तर अमुक जोर लागतो, महिन्याने फोडला तर जास्त, वर्षाने त्याहून जास्त. पाण्यात असेपर्यंत तो वाढतच राहतो म्हणे. दगड वाढतो! दुपारभर टाकीपाशी जाऊन येत होते.

आणि मग पाटाचा रविवार आठवला. पाट म्हणजे मालाची रांग, घमेली हातोहात. आमच्या वस्तीच्या विहाराचा स्लॅब. वीस तारखेला टाकला. नागप्पा मिस्त्री शेवटी हात धूत म्हणाले, “दोन-तीन दिस पाणी मारा, मग मस्त वाळू द्या.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा.

हे आजच कुणाला तरी सांगायला हवं होतं. कुणाला सांगणार, गाव आळंदच्या बाजूला, मी इथं.


शुक्रवार, २५ मार्च

झोप नीट नाही. सरांना विचारायचं ठरवून गेले आणि विचारलंच नाही. ते किल्नकडे निघाले होते, म्हणाले, चल, तू अजून बघितली नाहीस.

किल्न म्हणजे भट्टी, आडवी पडलेली लोखंडी नळी, आमच्या अख्ख्या गल्लीएवढी लांब, आणि ती फिरते. हळू. इतकी हळू की आधी वाटलं मलाच चक्कर येतेय. तोंडाशी एक छोटी खिडकी. निळी काच डोळ्याला लावायची आणि बघायचं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर डोळे जातील.

बघितलं. काय लिहू. आत दिवस आहे, पण आपला नाही. पांढऱ्या-पिवळ्या उजेडात दगड चालत होते, वर चढत होते, घरंगळत होते, पाण्यासारखे. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, जन्मभर जो दगड फोडला तोच हा. शहाबादी फरशीचा निळसर दगड. अप्पा म्हणतात, “दगडाला पदर असतो, तो गावला की छिन्नी नुसती टेकवायची.” इथं पदर-बिदर काही ठेवत नाहीत. दगड दळतात, भाजतात, तो आपलं दगडपण विसरतो. पलीकडून काळे खडे होऊन बाहेर येतो. ते परत दळले, थोडा जिप्सम घातला, की झालं सिमेंट.

सर म्हणाले, हा दगड समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ आहे. इथं समुद्र होता.

गुलबर्गा जिल्ह्यात समुद्र. जिथं आम्ही घागरीमागं घागर लावून उभे राहतो तिथं.

(नीट लिहायला हवं: भाजताना दगडातून जातं ते पाणी नव्हे, वायू. पाणी तो नंतर मागतो. मला मात्र सारखं वाटत राहिलं की समुद्रातला आहे म्हणून मागतो. हे लॅबमध्ये कुणाला बोलायचं नाही.)

शेवटी विचारलंच. तीन दिवस पाणी मारून सोडलेला स्लॅब, मार्चच्या उन्हात, काय होईल? सर “छत किसका है?” म्हणाले. मी म्हटलं, आमचं.


सोमवार, २८ मार्च

काल गावी जाऊन आले. पहाटेची बस, गुलबर्ग्याला बदलून. बसमधून उतरल्यावर घरी न जाता तडक विहाराकडं.

स्लॅब कोरडा ठणठणीत. पांढुरका. हात टेकवला तर तव्यासारखा. एका बाजूला केसासारख्या रेघा.

खाली बघितलं तर दारं. सेंट्रिंगच्या फळ्या पुऱ्या पडेनात म्हणून वस्तीनं आपापल्या घरची दारं उतरवून दिली होती, बैलगाडीच्या फळ्या, मातीच्या माळवदाचे जुने वासे, सगळं. त्यावर स्लॅब. गोदाकाकूंच्या दारावर रंगानं काढलेली लक्ष्मीची पावलं होती, बौद्ध होऊन इतकी वर्षं झाली तरी ती पुसलेली नाहीत. ती आता उलटी होऊन छताला लटकलीत. गो. काकू शेजारीण, आईची सखी आणि वैरीण दोन्ही. त्यांच्या घराला गोणपाट लावलंय. काल म्हणाल्या, “शेळ्या आत येऊन माझ्याच परातीत खायल्यात. येत्या रविवारी दार काढणार म्हंजी काढणार.”

तर असं आहे की येत्या रविवारी, तीन तारखेला, खालचे टेकू काढायचं ठरलंय. मग गिलावा, चुना, आणि चौदाला जयंती. विहारात बसून पहिली जयंती. गुलबर्ग्याचे भंतेजी येणार. सिमेंटच्या परमिटसाठी अप्पांनी तालुक्याला किती खेटे घातले ते मला माहीत आहे. पोती आली त्या दिवशी बायकांनी गाडीवर फुलं टाकली होती.

अप्पा विहार कमिटीचे अध्यक्ष. त्यांना सांगितलं, स्लॅबला पाणी हवं, साचवून, रोज.

अप्पा: “दगडाला पाणी? खाणीत पाणी शिरलं की काम बंद पडतंय बाई.”

ना. मिस्त्री तिथंच बिडी ओढत होते. “चार स्लॅब टाकल्यात म्या. एकबी पडला न्हाई. माळवदावर पाणी थांबलं तर घर बसतंय, हे तुझ्या आज्याला इचार.”

मी म्हटलं, मिस्त्री, हे माळवद नाही, माती वाळून घट्ट होते, हे वाळलं तर कच्चं राहतं. हे मी फारच हळू बोलले असेन, कारण मागून गो. काकू म्हणाल्या, “काय म्हनायली?” आणि आईनं मोठ्यानं सांगितलं, “म्हनायली, स्लॅबाला पाणी पाजा.”

बायका हसायला लागल्या. आड तळाला गेलाय. घागर भरायला दोरी दोनदा सोडावी लागते. गो. काकू: “माणसानं प्यावं का स्लॅबानं, ते तरी सांग ल्याबवाले.”

मी उरलेल्या पोत्यातलं थोडं सिमेंट आणि ओढ्याची वाळू पिशवीत भरून घेतली. बसमध्ये पिशवी मांडीवर.

आज सरांची परवानगी घेऊन त्याचेच क्यूब टाकले. निम्मे पाण्यात जातील, निम्मे उन्हात. आठवड्याने फोडायचे. म्हणजे सोमवारी. टेकू काढणार रविवारी. आधी फोडले तर फरक दिसायचा नाही, सर म्हणाले. उन्हातला सुरुवातीला फसवतो.


बुधवार, ३० मार्च

आज क्यूब साच्यातून काढून एक दिवस झाला. उन्हातले जास्त देखणे दिसतात. गोरे, टणक. पाण्यातले काळपट, ओशाळल्यासारखे. मला न सांगता कुणी निवडायला लावलं असतं तर मी उन्हातलेच निवडले असते.

गावात तेच झालंय.


शनिवार, २ एप्रिल

सरांकडं उद्यासाठी एक जोडी मागितली. न फोडलेली. “सबूत के बिना जाओगी?” मी म्हटलं, टेकू सोमवारपर्यंत थांबणार नाहीत. त्यांनी दोन क्यूब कागदात बांधून दिले. वर बजावलं: जे माहीत आहे तेच सांग. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांग. हे सगळ्यात अवघड आहे असंही म्हणाले.

मला काय माहीत आहे? सिमेंट पाणी पितं. स्लॅबनं पुरेसं प्यायलं नाही. आणि माहीत नाही ते हे की पडेल का.


रविवार, ३ एप्रिल, गुलबर्गा स्टँड, बसची वाट बघत

टेकू थांबले! आठवडाभरापुरते तरी.

सकाळी पोचले तेव्हा मिस्त्री आत शिरून पाचरी चाचपत होते. टेकूखाली लाकडी पाचरी ठोकलेल्या असतात, त्या सैल केल्या की टेकू निघतो. मी पळतच गेले, पाया-बिया न पडता ओरडले, मिस्त्री बाहेर या. सगळी वस्ती बघायला लागली. दोन्ही क्यूब अप्पांच्या पुढ्यात ठेवले. एक उन्हातला, एक पाण्यातला, एकाच पोत्यातले, हे सांगितलं. पुढं काय बोलायचं ते पाठ केलं होतं, सगळं विसरले.

अप्पांनी खिशातून छोटा हातोडा काढला. क्यूब एकेक करून तळहातावर धरला आणि टकटक केलं. कान जवळ नेला. खाणीत फरशीवर करतात तसं. फरशी चांगली असली की खणखणते, आत चीर असली की बद्द बोलते. लहानपणी मी तो आवाज ऐकत झोपायचे.

पाण्यातला खणखणला.

उन्हातला परत वाजवला. परत. मग जमिनीवर ठेवला, हळूच.

“नागप्पा,” अप्पा म्हणाले, “पाचर राहू दे.”

मिस्त्री: “अध्यक्ष, पोरीचं ऐकायलात?”

अप्पा: “पोरीचं कुठं. दगडाचं ऐकायलोय.”

मग शिडी लावून अप्पा वर चढले. खाणीत चिरडलेला पाय ओढत चढायला त्यांना वेळ लागतो. वर स्लॅबवर टकटक ऐकू येत राहिली, जागा बदलत. मधे खणखण, कधी नाही. दक्षिणेच्या भिंतीकडं बराच वेळ थांबले. उतरल्यावर खालूनही तिथंच बघत होते, तिथं बद्द वाजलं हे मला कळलं.

ठरलं असं: स्लॅबवर मातीचे बांध घालून वाफे करायचे आणि पाणी साचवायचं. घरटी रोज एक घागर. गो. काकूंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “माझं दार बी द्या, पाणी बी द्या, आता मलाच चढवा वर.” पण पहिली घागर त्यांनीच आणली. शिव्या देत.


सोमवार, ४ एप्रिल

फोडले.

प्रेसखाली उन्हातला आधी. काटा चढत चढत गेला आणि अर्ध्या वाटेतच क्यूब फुसकन बसला. कडा चुरल्या, भाकरीसारख्या. पाण्यातला ठेवला. काटा त्या जागेवरून गेला, पुढं गेला, अजून पुढं. शेवटी कडाड असा आवाज की शेजारच्या खोलीतला टायपिस्ट उठून आला.

एकच सिमेंट. एकच वाळू. फरक नुसता पाण्याचा.

सरांना विचारलं, आता पाणी दिलं तर? म्हणाले, उशिरा प्यायलं तरी थोडं भरून निघतं, सगळं नाही. आणि क्यूब म्हणजे स्लॅब नव्हे. क्यूबवरून स्लॅबची हमी देऊ नकोस. टेकू महिनाभर ठेवा, पाणी तोडू नका.

महिनाभर. म्हणजे जयंती स्लॅबखाली नाही. हे अप्पांना कसं सांगू.


बुधवार, ६ एप्रिल

लंच संपल्यावर पॅकिंगकडं निरोप घेऊन गेले होते. पोती पट्ट्यावरून येतात, गरम असतात अजून, हमाल पाठीवर घेऊन वॅगनमध्ये रचतात. वॅगनला चिठ्ठ्या: हैद्राबाद, सोलापूर, कुठलंसं धरण, कुठलासा पूल. मी एका पोत्यावर हात ठेवला. आतून ऊब आली, गाईच्या अंगाला येते तशी.

यातलं कुणी कसं प्यायलं, कुणी पाणी तोडलं, कुणी दार परत हवं म्हणून घाई केली, हे आम्हाला लॅबमध्ये कधीच कळणार नाही. आम्ही इथं चोख काढून दिलं तरी अर्धं काम तिकडं कुणीतरी घागर घेऊन करायचं आहे. एवढी मोठी भट्टी, एवढी आग, समुद्राचा दगड, आणि शेवटी घागर.

माझ्या सहीचे आकडे या पोत्यांबरोबर जातात. आज सही करायच्या आधी आकडे परत एकदा तपासले.


रविवार, १० एप्रिल

बांध फोडलेले. सकाळी वर चढले तर तीन वाफे रिकामे, माती वाहून गेलेली, स्लॅब पुन्हा पांढरा.

कुणी केलं हे विचारावं लागलं नाही. गो. काकू स्वतःच आल्या. “म्या फोडले. खालनं ठिबकायलंय. माझं दार फुगलं तर परत चौकटीत बसंल का? सागाचं दार हाय ते. माझ्या सासऱ्यानं निजामाच्या काळात आणलेलं.”

मी म्हटलं, काकू, दार फुगलं तर तासून बसवता येईल.

“आन स्लॅब पडला तर?”

“तेच तर.”

“न्हाई, तेच इचारायलेय. पाणी पाजल्यावर पडणार न्हाई ना? एवढंच सांग. व्हय का न्हाई.”

तिथं आई होती, मिस्त्री होते, अप्पा होते. सगळे माझ्या तोंडाकडं. एक शब्द हवा होता त्यांना. व्हय. तेवढ्यावर दारं महिनाभर राहू दिली असती त्यांनी, पाणी वाहिलं असतं. माझ्या जिभेवर आला होता.

म्हटलं, “मला माहीत नाही काकू. पाणी दिलं तर बळ वाढेल एवढं माहीत आहे. पुरेल का ते माहीत नाही.”

मिस्त्री हसले. “घ्या! ल्याबच्या अक्कालाच ठावं न्हाई. मग कामून आमचा घसा कोरडा करायलीस?”

आई घरी येऊन म्हणाली, एवढं शिकवलं ते ‘माहीत न्हाई’ म्हणायला का? मी जेवले नाही. अप्पा जेवले. जेवून झाल्यावर म्हणाले, “खाणीत कोण म्हणाला ना, काळजी करू नको, दरड पक्की आहे, तर मी त्या दरडीखाली उभा राहायचो नाही. जो म्हणायचा बघतो, ठोकून बघतो, त्याच्यामागं जायचो.” पायाकडं बघितलं स्वतःच्या. “एकदाच गेलो दुसऱ्यामागं.”

संध्याकाळी अप्पांनी स्वतः बांध घातले. जयंती अंगणात होईल असं कमिटीला सांगून आले. काय काय ऐकून आले ते सांगितलं नाही. आमच्या घराचं दार पण त्या स्लॅबखालीच आहे, हे त्यांनी कुणाला सुनावलं नाही हेही मला कळलं.


गुरुवार, १४ एप्रिल. जयंती

रजा घेऊन आले. कापडी मांडव अंगणात, निळे झेंडे, बुद्धाची मूर्ती विहाराच्या उंबऱ्याबाहेर टेबलावर. आत टेकूंची दाटी. भंतेजींनी दारातून डोकावलं. “आत तर जंगल उभं केलंय तुम्ही.” सगळे ओशाळले. मग त्यांना कुणीतरी पाण्याचं सांगितलं. मला वाटलं गो. काकू तक्रार करतील. तर त्यांनी भंतेजींना सांगितलं, “सिमेंट वाळत न्हाई भंतेजी, पाणी पितंय. आमची इमल शिकून आलीय.” अशा थाटात की जणू त्यांच्याच पोटची.

भंतेजी वंदना झाल्यावर प्यायला दिलेल्या तांब्यातलं उरलेलं पाणी घेऊन शिडी चढले आणि वाफ्यात ओतून आले.

गो. काकू हळूच: “झालं. आता बांध कोण फोडंल. दार गेलं माझं.”

ऊन उतरल्यावर मी वर गेले. वाफ्यांत पाणी स्थिर. चारी बाजूला करपलेली रानं, आणि इथं वस्तीच्या सगळ्यात उंच जागी, पाणी. त्यात झेंडे उलटे. चिमण्या ओळीनं बांधावर बसून पीत होत्या, मला बघून उडाल्या नाहीत. सकाळपेक्षा पाणी बोटभर उतरलेलं. त्यातलं किती उन्हानं नेलं, किती चिमण्यांनी, किती त्यानं आत घेतलं, कोण सांगेल. मी गुडघ्यावर बसून कान टेकवला. काही ऐकू येत नाही अर्थात. पण आत काहीतरी चालू आहे, या क्षणी, माझ्या कानाखाली, कुणालाही न दिसता. दगड होणं चालू आहे.

मी देवाला मानत नाही, घरात कुणीच मानत नाही. पण उठताना हात जोडले गेले. कुणी बघितलं नाही.


रविवार, २४ एप्रिल

अप्पांनी परत सगळा स्लॅब ठोकून बघितला. मी खडू घेऊन मागं. खणखणलं की बरोबर, बद्द बोललं की गोल. मधला भाग चांगला. पूर्वीपेक्षा स्वच्छ आवाज, अप्पा दोनदा म्हणाले. दक्षिणेच्या भिंतीजवळ तीन गोल. मागं तिथं जास्त होते का? तेव्हा खडू नव्हता. अप्पांना वाटतं जास्त होते. मला वाटतं आम्हाला तसं वाटून घ्यायचं आहे.

आड आता जवळजवळ कोरडा. बायका शेतातल्या विहिरीवरून आणायला लागल्यात. लांब पडतं. आणखी किती दिवस, असं कुणी विचारत नाही, हेच मला जास्त लागतं. मे उजाडला की पाणी बंद करावंच लागेल.


मंगळवार, २६ एप्रिल

राव सरांनी कारखान्याच्या कॉलनीच्या ओव्हरसियरला बोलावून घेतलं, दोघांनी कागदावर काढून समजावलं. खालून भिंत ते भिंत दोरा ताणायचा, घट्ट, मधोमध छतापासून सोडलेल्या पट्टीवर कागद लावून दोऱ्याची खूण करायची. स्लॅबवर वाळूची पोती रचायची. मग मधल्या टेकूंच्या पाचरी बोटभर सैल करायच्या, काढायच्या नाहीत. स्लॅब आपल्या बळावर किती बसतो ते दोऱ्यावर दिसेल. थोडा बसून थांबला तर ठीक. थांबला नाही तर खाली टेकू आहेतच, लगेच पाचरी परत ठोकायच्या, आणि तो स्लॅब मग तोडायचा.

तोडायचा. हा शब्द सरांनी सहज उच्चारला. बरोबरच आहे. परमिट, ती फुलं, घागरी, दारं, सगळं धरून तोडायचा.

ओव्हरसियर म्हणाले, आत दोन माणसं लागतील. एक पाचरीवर, एक दोऱ्यावर. दोऱ्यावरचा महत्त्वाचा. त्यानं थांब म्हटलं की थांबायचं. आणि दोघंही चटकन बाहेर पडता येतील असे हवेत.


बुधवार, २७ एप्रिल

अप्पांचा निरोप, कारखान्याच्या फाटकावर, आमच्या बाजूनं फरशी घेऊन येणाऱ्या लॉरीवाल्याबरोबर. तोंडीच. “अप्पा म्हणाले, दोऱ्याजवळ मी बसतो. तू वरून पोती बघ.”

म्हणजे त्यांनी विचार आधीच करून ठेवलाय. तो पाय घेऊन. चटकन बाहेर! उंबरा ओलांडायला त्यांना भिंत धरावी लागते.

लॉरीवाल्याला म्हटलं, सांगा, नाही.

तो म्हणाला, एवढंच?

एवढंच.


गुरुवार, २८ एप्रिल

दिवसभर चुका. एक टायट्रेशन तीनदा करावं लागलं.

संध्याकाळी फाटकावर नागप्पा मिस्त्री उभे. गुलबर्ग्याला कामाला आले होते म्हणे, पण गुलबर्ग्याहून इथं यायला वेगळी गाडी लागते. धोतर झटकत उभे राहिले.

“अध्यक्ष काल रातीपासनं बोलंना कुणाशी. तू काय निरोप धाडलास?”

सांगितलं.

“पाचरीवर मी हाय,” म्हणाले. “माझाच स्लॅब हाय. पण खरं सांगू का? तू एवढं भ्या घातलंस की आता माझाच हात उठंना. चार स्लॅब टाकले, कधी वर बघितलं न्हाई, टेकू ओढले अन् मोकळा. आता रोज सपनात बद्द वाजतंय.”

मी म्हटलं, मिस्त्री, दोऱ्यावर मी बसणार. मला काट्यावरची रेघ वाचायची सवय आहे. खूण हलली की मला आधी दिसेल. आणि मी पळू शकते.

मिस्त्री म्हणाले, “तू आत आसलीस तर मी येतो. तुला भ्या वाटत न्हाई?”

वाटतं म्हटलं.

“मग ठीक हाय,” म्हणाले, आणि बसला गेले. वळून ओरडले, “आईला सांगू नको!”

आईला सांगणार आहे. शनिवारी संध्याकाळी पोचेन तेव्हा. न सांगता आत गेले तर ते मला पेलणार नाही. रडेल. गो. काकू सांभाळतील तिला, आणि स्वतः तिच्यापेक्षा मोठ्यानं रडतील.

स्लॅब पेलेल का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्याला जेवढं देता आलं तेवढं आम्ही दिलं, उशिरा दिलं, आणि त्यानं त्याचं काय केलं ते फक्त त्यालाच माहीत. भट्टीची आग बघितली तेव्हा वाटलं होतं यापुढं कशाचंच एवढं नवल वाटणार नाही. पण एवढ्या आगीतून निघालेली वस्तू वस्तीच्या घागरीतलं पाणी पिऊन ठरवणार आहे, आम्हाला डोक्यावर घ्यायचं का नाही, याचं आज जास्त वाटतंय.

दोरा घेतला. सुती नको, ओलीनं आकसतो, म्हणून मासेमारीचा. पट्टी, पेन्सिल, दोन खिळे.

रविवार, १ मे. ऊन चढायच्या आत. मिस्त्री पाचरीवर, अप्पा बाहेर उंबऱ्यापाशी, मी आत, दोऱ्याजवळ.